रात्रीच्या लाईटसाठी डोक्याची बॅटरी घेताना

दिवाळी सरली. कारखान्यांचे बॉयलर पेटले, शाळू कमरेला लागला, ऑक्टोबर छाटणीच्या बागांत मणी धरू लागलेत. कोरेगाव असो, कराड असो की कवठेमहांकाळ, आपली निम्मी कामं आता अंधारात होणार, कारण रात्रपाळीच्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीच येते. सौर वाहिनीवर गेलेल्या गावांना दिवसा पाणी देता येतं. बाकीच्यांना मफलर गुंडाळून दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावंच लागतं. हा सल्ला त्यांच्यासाठी, आणि तो एकाच वस्तूबद्दल आहे: डोक्याला बांधायची बॅटरी, म्हणजे हेडलॅम्प.

मागच्या पौषात रात्री दीडला माझी मोटार बंद पडली. विहिरीवर जाऊन स्टार्टरची पेटी उघडली, तर एका फेजची वायर टर्मिनलवर जळून सुटली होती. काम दहा मिनिटांचं. मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात टाकले, मोबाईल दातात धरला आणि पान्यानं नट सैल केला. नट सुटला तसा मोबाईल घसरला, मी तो झेलायला गेलो आणि पितळेचा नट खाली गवतात गेला. दव पडलेल्या त्या गवतात पाऊण तास उघड्या बोटांनी चाचपत होतो. नट सापडला. पण घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा अंगावर काटा आला, कारण महिनाभर आधी त्याच कठड्याला मण्यार निघाली होती.

दुसऱ्या दिवशी बाजारातून डोक्याची बॅटरी आणली, तीही चुकीची. दुकानदारानं रस्त्यापलीकडच्या लिंबाच्या शेंड्यावर झोत मारून दाखवला आणि मी भुललो. विहिरीवर तोच झोत पेटीवर पडला की मधोमध रुपयाएवढा पांढरा गोळा, डोळे दिपायचे, आणि त्याच्या बाहेर काळोख. पान्याचं तोंड दिसायचं, पण हात कुठाय ते दिसायचं नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही: डोक्याची बॅटरी लांबचं बघायला नसते, हाताच्या अंतरावरचं काम करायला असते. तिचा उजेड पसरट हवा, कडा नसलेला, पेटीभर सारखा पडणारा. दुकानात भिंतीवर मारून बघू नका. स्वतःचा तळहात हातभर अंतरावर धरा आणि बोटांपासून कोपरापर्यंत सगळं एकसारखं दिसतंय का ते बघा. इतक्या जवळच्या कामाला १०० ते १५० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) भरपूर झाले, आणि ड्रिपच्या नळीचं भोक मोकळं करायला तर २०-३० सुद्धा पुरतात. खोक्यावर हजारो लुमेन छापलेले असले तर त्याला भुलू नका. कमी उजेडाची पायरी आहे का, आणि बटण दाबलं की आधी तीच लागते का, हे विचारा.

दुसरी गोष्ट रंगाची, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. स्वस्त एलईडीचा निळसर पांढरा उजेड रंग खातो. पिवळी वायर पांढुरकी दिसते, लाल आणि तपकिरी एकसारख्या. थ्री फेजच्या पेटीत लाल, पिवळा, निळा ओळखता आला नाही तर मोटार उलटी फिरायला एक चूक पुरते. म्हणून बॅटरी घ्यायला जाताना खिशात वायरचे चार तुकडे न्या, लाल, पिवळा, निळा, तपकिरी, आणि बागायतदार असाल तर भुरी (पांढरट बुरशी) पडलेलं एक द्राक्षाचं पानही. दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात त्यावर उजेड टाका. खोक्यावर केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगछटेचा, आकडा असेल तर ४००० ते ५००० च्या आसपासचा घ्या. ६५०० म्हणजे तोच निळसर. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर लिहिलेला असेल तर रंग खरे दिसतील. काही बॅटऱ्यांत लाल दिवाही असतो. त्याच्यावर किडे कमी येतात आणि अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत, पण लाल दिव्यात लाल वायर पांढऱ्या वायरीसारखीच दिसते. पेटीत हात घालताना तो अजिबात वापरू नका.

उजेड लुकलुकतो का तेही बघा. डोळ्याला कळत नाही, पण मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघितलं की पडद्यावर आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. असा दिवा काही वेळा फिरता पंखा किंवा पुली थांबल्यासारखी दाखवू शकतो. मोटार मिनिटाला हजारावर फेरे घेते, आणि आपल्या गळ्यात मफलर असतो. पट्टे ठळक दिसले तर बॅटरी परत ठेवा.

सेलचं गणित सोपं आहे. बहुतेक चांगल्या बॅटऱ्यांत १८६५० नावाचा लिथियम सेल येतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. त्यात ३५०० एमएएचच्या आसपास ताकद मावते. सेलवर ९९०० लिहिलेलं दिसलं की तो खोटा आहे हे समजून दुकान सोडा. चालण्याचे तासही पारखून घ्या: प्रचलित मोजमापात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात, त्यामुळे ‘२० तास’मधले शेवटचे बरेच तास नुसता मिणमिणता उजेड असतो. सेल काढता येणारा घ्या आणि भरलेला जोड सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवा. खिशात किल्ल्यांबरोबर सुटा ठेवला तर शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. फुगलेला सेल वापरू नका. पाण्याचं म्हणाल तर खोक्यावरचा आयपीचा आकडा बघा: आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सहन होतात; पाटात पडून वाचायला हवी तर आयपी६७ बघा.

आता डोक्याची बॅटरी जिथं कमी पडते ते. उजेड डोळ्याच्या रेषेतूनच जातो, त्यामुळे समोरच्या वस्तूची सावली तिच्याच मागं लपते आणि जमीन सपाट वाटते. खड्डा, ढेकूळ, सरीत पसरलेला साप, सगळं एकाच पातळीत. थंडीतल्या धुक्यात तर उजेड तोंडावरच परत येतो. म्हणून बांधावरून चालताना हातातली बॅटरी कमरेच्या खाली धरा, आडवा उजेड टाका, म्हणजे सावल्या लांब पडतात आणि हालचाल दिसते. शिराळा, पाटण, कराडकडच्या उसाच्या पट्ट्यात मात्र डोक्याच्या बॅटरीचा एक उपयोग होतो: बिबट्याच्या डोळ्यामागं आरशासारखा पडदा असतो आणि उजेड आपल्या डोळ्याशेजारून जात असल्यानं ती चमक थेट आपल्याकडं येते. उसाच्या कडेला जोडीनं चमकताना दिसलं तर पाठ न दाखवता मागं या. सापाच्या डोळ्यात असा पडदा नसतो. तो चमकेल म्हणून वाट बघू नका. गमबूट आणि काठी हवीच. मण्यारीचा दंश दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. रात्री ‘काटा लागला असेल’ असं वाटलं तरी १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा.

पट्टा धुता येणारा आणि कानटोपीवरून बसणारा हवा. दुकानात बांधून पाच-सहा वेळा खाली वाका. दिवा नाकावर आला तर रात्रभर तेच होणार. बायकांनी पदरावरून बांधून बघावा. संध्याकाळच्या फवारणीला वापरत असाल तर पट्ट्याचा फोम औषध पितो आणि तेच कपाळावर मुरतं, तेव्हा घरी आलं की साबणानं धुवा, किंवा फवारणीचा पट्टा वेगळाच ठेवा.

दोन्ही हात मोकळे झाले म्हणून चालू लाईटीत हात घालायची मुभा मिळत नाही. मेन पाडा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, टेस्टरनं तिन्ही फेज तपासा, मगच पाना लावा. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत, फ्यूज गेला असेल तर बॅटरी कितीही चांगली असू द्या, वायरमनलाच बोलवा.

पाळी बदलण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही सेल भरून घ्या. थंडी संपली की बॅटरी अर्धी भरून सावलीत ठेवा, ट्रॅक्टरच्या तापलेल्या पत्र्यावर नको. वळवाचे पहिले पाऊस झाले की हुमणीचे भुंगेरे रात्री लिंबावर आणि बाभळीवर येतात. तेव्हा एका हातानं फांदी हलवायला आणि दुसऱ्यानं रॉकेलच्या पाण्याची बादली धरायला हीच बॅटरी लागणार आहे.