‘माफीचा साक्षीदार’ पाहताना

पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर बेतलेला १९८६ चा ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट पाहण्यापूर्वी मूळ घटनाक्रम एका कागदावर लिहून घ्यावा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जणांचे खून झाले, आरोपी अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते आणि चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली.

त्यानंतर शीर्षकाचा कायदेशीर अर्थ नीट समजून घ्यावा, कारण माझ्या मते या प्रकरणाचे मर्म तिथेच आहे. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ नुसार, गुन्ह्यात सामील असलेल्या व्यक्तीने सर्व हकिगत पूर्ण व खरी सांगावी, या अटीवर तिला माफी देता येत असे. तेव्हाच्या पुरावा कायद्याचे कलम १३३ अशा साथीदाराच्या साक्षीवर झालेली शिक्षा केवळ दुजोरा नाही म्हणून बेकायदा ठरवत नव्हते, तरी कलम ११४ मधील उदाहरण महत्त्वाच्या तपशिलांना स्वतंत्र दुजोरा असावा, असे सुचवत असे. म्हणून पडद्यावरील प्रत्येक प्रसंगापाशी, हे कोणी पाहिले आणि त्याला दुसरा कोणता पुरावा होता, असे स्वतःला विचारावे.

नाना पाटेकर यांचा अभिनय मनाची पकड घेतो; तरीही चित्रपट संपल्यावर बळींच्या कुटुंबांना त्यात किती जागा मिळाली, हे आवर्जून तपासावे. संवादांना मात्र कबुलीजबाब समजू नये. न्यायालयाच्या निकालपत्रातील मजकूर स्वतंत्रपणे वाचावा.