शाळेच्या बिलावर ऑलिंपियात बोलायचंय? मग हे आधी वाचा

वॉशिंग्टन स्टेटमध्ये ज्यांची मुलं पब्लिक स्कूलला जातात त्या सगळ्या आईबाबांसाठी लिहितेय, रेडमंड, बॉथेल, समामिश, बेलव्ह्यू कुठेही राहत असा. ऑलिंपिया म्हणजे आपल्या स्टेटची राजधानी, तिथे लेजिस्लेचर, म्हणजे राज्याचं विधिमंडळ, बसतं. त्याच्या गेल्या काही सेशन्समध्ये (अधिवेशनांत) मी स्पेशल एज्युकेशनच्या, म्हणजे शाळेत खास मदत लागणाऱ्या मुलांच्या, बिलांवर (विधेयकांवर) कमिटीसमोर बोलले, कधी लेखी पाठवलं, कधी नुसतं नाव नोंदवलं, आणि दर वेळी मराठी मंडळात कोणी ना कोणी विचारतं की हे नेमकं करायचं कसं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर.

सगळ्यात आधी तो प्रश्न जो प्रत्येक जण हळू आवाजात विचारतो: आम्ही एच-वन वर आहोत, ग्रीन कार्ड पण नाही, आम्हाला बोलता येतं का? हो, येतं. कमिटीपुढे बोलायला सिटिझन असावं लागत नाही, मतदार असावं लागत नाही, तिथे व्हिसा कोणी विचारत नाही. तुमचं मूल इथल्या शाळेत शिकतंय, तुम्ही इथे टॅक्स भरता, बास. स्वतःच्या मुलासाठी पगार न घेता बोलणं म्हणजे लॉबिंग नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळं रजिस्ट्रेशन वगैरे पण काही नाही. गावाकडे आपण आमदारांकडे रस्त्याचं काम घेऊन जातो, लग्नाची पत्रिका द्यायला जातो, पण कायदा होताना आत बसून दोन शब्द बोलायचे हे डोक्यातच येत नाही, म्हणून इथे आल्यावर पण आपण हात वर करत नाही. करा.

दुसरा प्रश्न, ऑलिंपियाच का, आपल्या डिस्ट्रिक्टच्या स्कूल बोर्डाकडे का नाही? कारण इथे शाळांचा सगळ्यात मोठा पैसा स्टेटकडून येतो. राज्यघटनेतच लिहिलंय की मुलांच्या शिक्षणाची पुरेशी सोय करणं हे राज्याचं सगळ्यात वरचं कर्तव्य आहे, आणि २०१२ मध्ये मॅक्लिअरी केसमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लेजिस्लेचर ते नीट पार पाडत नाहीये. पुढे २०१५ मध्ये कोर्टाने राज्याला दिवसाला १ लाख डॉलर दंड लावला होता, आणि प्रकरण मिटायला २०१८ उजाडलं.

माझ्या घरचं उदाहरण सांगते म्हणजे कळेल. माझ्या मुलाचा आयईपी आहे, म्हणजे त्याला शाळेत कोणती खास मदत मिळणार याचा लेखी आराखडा, त्याचा बोलण्यासाठी. शाळेत स्पीच थेरपिस्ट एकच, मुलं भरपूर, आणि प्रत्येक मीटिंगला ऐकायचं की पैसे नाहीत. मला वाटायचं शाळेला करायचंच नाहीये. मग एका टीचरने बाजूला घेऊन सांगितलं की स्टेटने टक्केवारीची मर्यादा घातलीय, म्हणजे डिस्ट्रिक्टमधल्या ठराविक टक्के मुलांपर्यंतच स्पेशल एज्युकेशनचे जादा पैसे मिळणार, त्यावर मुलं असली तर त्यांचे नाहीत, पण सेवा तर फेडरल कायद्याने सगळ्यांनाच द्यावी लागते, मग डिस्ट्रिक्ट लोकल लेव्हीतून, म्हणजे स्थानिक टॅक्समधून, खड्डा भरतं. ती मर्यादा साडेतेरा टक्के होती, २०२३ मध्ये १५ झाली, २०२४ मध्ये १६, आणि २०२५ मध्ये सिनेट बिल ५२६३ ने ती काढूनच टाकली. हे सगळं कमिटीच्या खोल्यांमधून झालं, आणि तिथे दर वर्षी तेच ते पालक, तेच टीचर येऊन तेच सांगत राहिले. माझा मुलगा त्या टक्केवारीतला एक आकडा होता हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

आता कामाचं. बिलाचा नंबर शोधा, नंबराशिवाय काहीच हलत नाही. लेजिस्लेचरची दोन सभागृहं, हाऊस आणि सिनेट. नंबर १००० च्या पुढचा असेल तर हाऊसचं, ५००० च्या पुढचा असेल तर सिनेटचं. बऱ्याचदा एकच बिल दोन्हीकडे असतं, त्याला कम्पॅनियन म्हणतात, दोन्ही नंबर लिहून ठेवा. लेजिस्लेचरच्या वेबसाइटवर नंबर टाकला की बिलाचं पान उघडतं, त्यात सगळ्यात आधी बिल रिपोर्ट किंवा बिल अॅनालिसिस वाचा, मूळ बिल नको. मूळ बिलात जुना कायदा, खोडलेले शब्द, अधोरेखित शब्द असं सगळं असतं, डोकं गरगरतं, आणि रिपोर्ट कमिटीच्या स्टाफने साध्या इंग्रजीत लिहिलेला असतो. फिस्कल नोट असेल तर ती पण बघा, त्यात खर्च किती ते असतं आणि शिक्षणाची बिलं बहुतेक वेळा तिथेच अडतात.

शिक्षणाचं बिल हाऊसमध्ये एज्युकेशन कमिटीकडे जातं, सिनेटमध्ये अर्ली लर्निंग अँड के-ट्वेल्व्ह एज्युकेशन कमिटीकडे. २०२५ च्या सेशनला हाऊसच्या कमिटीच्या चेअर शॅरन टोमिको सँटोस होत्या आणि सिनेटच्या लिसा वेलमन. चेअरचं नाव माहीत असणं फार गरजेचं, कारण कुठल्या बिलाला हिअरिंग (लोकांचं म्हणणं ऐकायची बैठक) द्यायचं आणि कुठलं मतदानाला घ्यायचं ते चेअर ठरवतात. ज्या बिलाला हिअरिंगच मिळत नाही ते गुपचूप तिथेच संपतं, आणि अशी बिलं खूप असतात. म्हणून तुमच्या बिलाला अजून हिअरिंग नसेल तर पहिलं काम म्हणजे चेअरच्या ऑफिसला चार ओळींची मेल: या नंबराच्या बिलाला हिअरिंग द्या, माझ्या घरी याने हा फरक पडेल. सोबत तुमच्या स्वतःच्या लेजिस्लेटर्सना पण लिहा. प्रत्येक लेजिस्लेटिव्ह डिस्ट्रिक्टला (मतदारसंघाला, स्कूल डिस्ट्रिक्ट नव्हे) एक सिनेटर आणि दोन रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे तुमची तीन माणसं आहेत तिथे, आणि त्यातलं एखादं त्याच कमिटीवर असेल तर लॉटरीच समजा. बिलाच्या पानावरच कमेंट पाठवायचं बटण आहे, पत्ता टाकला की ती बरोबर या तिघांकडे जाते. इंग्रजीत टाइप करायचा कंटाळा असेल तर हॉटलाइन आहे, १-८००-५६२-६०००, फोनवर सांगितलेलं ते लिहून घेतात.

वेळेचं गणित समजून घ्या, इथेच सगळे फसतात. सेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं, विषम वर्षी १०५ दिवस, सम वर्षी फक्त ६०. त्यात कटऑफच्या तारखा, म्हणजे अमुक दिवसापर्यंत बिल पॉलिसी कमिटीतून (एज्युकेशनसारख्या विषयाच्या कमिटीतून) बाहेर, तमुक दिवसापर्यंत पैशाच्या कमिटीतून बाहेर. हिअरिंगची नोटीस साधारण पाच दिवस आधी येते पण कटऑफ जवळ आला की तेवढी पण मिळत नाही. मी बिलाच्या पानावर ईमेल अलर्ट लावते आणि सेशनमध्ये गुरुवारी-शुक्रवारी रात्री भांडी झाली की पुढच्या आठवड्याचा अजेंडा बघतेच, दोन मिनिटं लागतात.

हिअरिंग लागलं की साइन-इन करायचं. कमिटी साइन-इनचं पान आहे, त्यात हाऊस की सिनेट, कमिटी, तारीख, मग बिल निवडायचं. पर्याय असे: समोर जाऊन बोलणार, झूमवरून बोलणार, लेखी पाठवणार, किंवा न बोलता फक्त बाजू नोंदवणार. बाजू म्हणजे प्रो, कॉन किंवा अदर. बोलायचं असेल किंवा बाजू नोंदवायची असेल तर हिअरिंग सुरू व्हायच्या एक तास आधी पान बंद होतं. एक तास म्हणजे एक तासच. माझ्या पहिल्या वेळी हिअरिंग सकाळी ८ चं होतं, मी मुलाचा डबा भरून, त्याला बसला सोडून सव्वासातला लॅपटॉप उघडला आणि पान बंद. रात्रभर पाठ केलेलं सगळं तसंच राहिलं, रडू आलं मला. त्यात एक चांगलं, लेखी टेस्टिमनी, म्हणजे लेखी म्हणणं, हिअरिंग सुरू झाल्यापासून २४ तासांपर्यंत चालते, मग मी ती पाठवली. आदल्या रात्रीच साइन-इन करून झोपा.

न बोलता बाजू नोंदवणं फालतू समजू नका. किती जण प्रो, किती कॉन ही मोजणी होते आणि लेजिस्लेटर ती बघतात. ज्यांना इंग्रजीत बोलायची भीती वाटते, ज्या आजी-आजोबांना नातवंडांसाठी काही करावंसं वाटतं, त्यांच्यासाठी हे एका मिनिटाचं काम आहे. एक मात्र, तुम्ही लिहिलेलं, बोललेलं, तुमचं नाव हे सगळं पब्लिक रेकॉर्डवर जातं. म्हणून मुलाचं नाव, निदान, टीचरचं नाव घेऊ नका. माझा मुलगा, तिसरीतला, एवढं पुरतं.

आता बोलायचं काय. वेळ चेअर त्या दिवशी ठरवतात, दोन मिनिटं मिळतील असं वाटतं आणि गर्दी असली की एकच मिळतं, म्हणून एका मिनिटाचंच लिहा. मोबाइलवर टायमर लावून मोठ्याने वाचा, मनात नाही. माझं ५२६३ च्या वेळचं साधारण असं होतं, बोलते इंग्रजीतच पण इथे मराठीत देते:

"मॅडम चेअर आणि कमिटीचे सदस्य, माझं नाव अमुक, मी रेडमंडला राहते, बिल ५२६३ ला माझा पाठिंबा आहे. माझा मुलगा तिसरीत आहे. त्याला आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी मिळायला हवी, गेल्या महिन्यात दोनच वेळा मिळाली, कारण थेरपिस्ट एक आणि शाळा दोन. घरी तो मला म्हणाला, आई, मी वर्गात हात वर करत नाही, सगळे माझं वाक्य पूर्ण करतात. ही मर्यादा काढा. धन्यवाद."

एवढंच. नाव, गाव, नंबर, बाजू पहिल्याच वाक्यात, कारण मधेच वेळ संपली तरी ते नोंदलं गेलेलं असतं. मग एकच प्रसंग, मग काय हवंय ते. आकडे आणि रिसर्च संघटनांचे लोक आणतातच, तुमच्या घरातली गोष्ट दुसरं कोणी आणू शकत नाही. आणि उच्चाराची काळजी सोडा, माझे व्ही आणि डब्ल्यू अजून एकच आहेत आणि मला कधी कोणी अडवलेलं नाही.

झूमवरून बोललात तरी चालतं, २०२१ च्या सेशनपासून ते रुळलंय. समोर जाण्यात वजन असतं हे मान्य, पण ऑलिंपियाला इथून सव्वा-दीड तास आणि आय-फाइव्ह हायवे तुंबला की विचारू नका, त्यासाठी अख्खी सुट्टी टाकावी लागते. लिंक ईमेलने येते. आधी स्टाफ बिल समजावतो, मग बिल आणणारा सदस्य बोलतो, मग लोकांना तीन-तीन चार-चारच्या गटाने बोलावतात, तुमचं नाव पुढच्या गटात घेतलं की माइक तपासा. तुमचा नंबर येईपर्यंत तास जाईल, कधी येणारच नाही, तेव्हा चिडू नका, तेच लेखी पाठवून द्या. तुम्ही बोलत असताना एखादा सदस्य खाली मान घालून बसलेला दिसेल, मला पहिल्यांदा फार लागलं होतं ते, पण ते बऱ्याचदा नोट्स घेत असतात किंवा त्यांच्यापुढे दुसरं बिल उघडलेलं असतं.

मग येते एक्झिक्युटिव्ह सेशन, म्हणजे मतदान. नाव ऐकून वाटतं बंद दाराआड असेल, तसं नाही, ते पण सगळ्यांना खुलं असतं, टीव्हीडब्ल्यू या लेजिस्लेचरचं कामकाज दाखवणाऱ्या चॅनेलवर लाइव्ह दिसतं आणि नंतर रेकॉर्डिंग राहतं. फक्त इथे लोकांना बोलता येत नाही. म्हणून तुमचं सगळं म्हणणं हिअरिंग आणि या दिवसाच्या मधे पोचलेलं हवं, आणि हा मधला काळ कधी आठवडा तर कधी दोनच दिवसांचा असतो. माझ्या मते हेच सगळ्यात मोलाचे दिवस, कारण याच दिवसांत सब्स्टिट्यूट, म्हणजे बिलाचा बदललेला मसुदा, आणि अमेंडमेंट्स तयार होतात. हिअरिंगमध्ये ज्या सदस्याने प्रश्न विचारला असेल त्याला त्याच संध्याकाळी मेल करा, तुम्ही हे विचारलंत, माझ्या शाळेत असं असं आहे. कमिटीतल्या सगळ्यांना एकच मेल ढकलण्यापेक्षा ही एक मेल भारी.

मतदान बघताना आधी स्टाफ अमेंडमेंट्स समजावतो, मग दोन्ही बाजूचे थोडंथोडं बोलतात, मग मत. हाऊसमध्ये एकेकाचं नाव पुकारून मत घेतात, प्रत्येकाचा आय किंवा नो ऐकू येतो. सिनेटमध्ये आवाजी मत होतं आणि चेअर म्हणतात सब्जेक्ट टू सिग्नेचर्स, म्हणजे सह्या झाल्यावर पक्कं, त्यामुळे कोणी काय केलं ते नंतर बिल रिपोर्टमध्ये बघायचं. तिथे डू पास, डू नॉट पास असतं आणि तिसरं विदाउट रेकमेंडेशन, म्हणजे ना धड होय ना धड नाही. तुमचा माणूस या तिसऱ्यात असेल तर त्याच्याशी बोलायला जागा आहे, त्याची शंका काय ते विचारा.

इथून बिल पास झालं तरी पेढे वाटू नका. पैशाचं बिल पुढे हाऊसमध्ये अॅप्रोप्रिएशन्सकडे आणि सिनेटमध्ये वेज अँड मीन्सकडे जातं, तिथे परत हिअरिंग, परत साइन-इन. मग रूल्स कमिटी, मग फ्लोअर (म्हणजे पूर्ण सभागृहाचं मतदान), मग दुसऱ्या सभागृहात हे सगळं पहिल्यापासून. प्रत्येक ठिकाणी नव्याने नाव नोंदवावं लागतं, आधीचं पुढे जात नाही, आणि पालक इथेच गळतात, पहिल्या हिअरिंगला झूम भरलेलं असतं आणि वेज अँड मीन्सला आपण मोजके. मी आता कॅलेंडरवर बिलाचा नंबर लिहून पुढच्या तीन जागा रिकाम्या ठेवते आणि तारीख आली की भरते.

विषम वर्षात बिल अडलं तर ते पुढच्या सम वर्षाच्या सेशनला पुन्हा जिवंत होतं, त्यामुळे तुमचा एका मिनिटाचा कागद फेकू नका, मुलाची इयत्ता तेवढी बदला.