एकाच खोलीचं दुहेरी बुकिंग डेटाबेसलाच अडवू द्या

गोव्यात हरमल, पाळोळेकडे होमस्टे चालवणाऱ्यांसाठी बुकिंगची वेबसाइट करत असाल, तर डिसेंबर डोळ्यांसमोर ठेवूनच करा. नाताळच्या आठवड्यात एकाच खोलीवर दोन पाहुणे एकाच क्षणी बोट ठेवतात. सर्व्हरने आधी ‘खोली रिकामी आहे का?’ विचारून मग नोंद केली, तर दोघांनाही ‘हो’ मिळू शकतं. म्हणून डेटाबेसच्या तक्त्यात बुकिंगच्या प्रत्येक रात्रीची वेगळी ओळ ठेवा आणि खोली क्रमांक व तारीख या जोडीवर ‘युनिक’ बंधन, म्हणजे तीच जोडी दोनदा येऊ न देणारा नियम, घाला. दुसरी नोंद डेटाबेस स्वतःच नाकारेल. चार रात्रींचं बुकिंग असेल तर चारही ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एक तर सगळ्या नोंदी होतात, नाही तर एकही नाही) घाला, म्हणजे अर्धवट बुकिंग राहत नाही. रात्री दीडला प्रवासाने दमून दारात आलेल्या कुटुंबाला परत पाठवण्याची वेळ कुणावरच येऊ नये.

ब्राउझरकडून आलेल्या भाड्याच्या आकड्यावरही विसंबू नका. तो कुणीही बदलू शकतो. दर सर्व्हरनेच डेटाबेसमधून काढावा. मायएसक्यूएल हा डेटाबेस वेबसाइटच्याच मशीनवर असेल तर ३३०६ हा पोर्ट, म्हणजे त्याच्याशी जोडणी करण्याचा दरवाजा, बाहेरच्यांसाठी बंदच ठेवा.