प्रेशर-व्हॉल्यूम लूप हाताने काढून कसा समजून घ्यावा

परळला आमच्या जेवणाच्या टेबलावर पहिल्या वर्षाची मेडिकलची मुलं फिजिऑलॉजी घेऊन बसतात. प्रीलोड (आकुंचनाआधी हृदयाचा कप्पा किती भरून ताणलाय) आणि आफ्टरलोड (रक्त बाहेर ढकलताना किती दाबाला तोंड द्यावं लागतं) आलं की दरवर्षी गाडी अडते, कारण लूप, म्हणजे एका ठोक्यात कप्प्यातलं रक्त आणि दाब कसे बदलतात त्याची बंद आकृती, पाठ असतो, पण हाताने काढलेला नसतो. तेव्हा आलेखाचा कागद, पेन्सिल आणि खोडरबर घ्या. खोडरबर लागणारच.

आडव्या अक्षावर डाव्या व्हेंट्रिकलमधलं, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातलं रक्त घ्या, ० ते १५० मिली. उभ्या अक्षावर तिथला दाब, ० ते १५० मिमी पारा.

आता लूप. १२० मिली आणि १० मिमीवर पहिला ठिपका द्या: कप्पा भरलाय, मायट्रल झडप, म्हणजे त्यात रक्त आत सोडणारी झडप, मिटतेय. तिथून सरळ वर ८० मिमीपर्यंत रेघ ओढा. या रेघेत थेंबभर रक्तही बाहेर गेलेलं नाही, नुसता दाब चढतोय. सोसायटीचा पंप चालू केल्यावर असंच होतं: वरच्या पाण्याचा भार पेलण्याइतका दाब झाल्याशिवाय पाइपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडत नाही. ८० ला एओर्टाची, म्हणजे महाधमनीची झडप उघडते. मग १२० मिमीपर्यंत फुगवटा देत डावीकडे ५० मिली, १०० मिमीवर या. झडप मिटली. सरळ खाली ५ मिमीपर्यंत उतरा, मायट्रल उघडली, आणि तळाने परत पहिल्या ठिपक्यावर. लूपची रुंदी म्हणजे एका ठोक्यात बाहेर पडलेलं रक्त, इथे ७० मिली.

पुढची पायरी मुलं गाळतात आणि तिथेच फसतात. आडव्या अक्षावरच्या १० मिलीपासून लूपच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून जाणारी तिरकी रेषा काढा आणि वर वाढवा. तिचा चढ म्हणजे स्नायूची ताकद. पुढे काहीही झालं तरी या रेषेला हात लावायचा नाही.

प्रीलोड वाढवू. पेशंटचे पाय उचलून धरले, शिरांतलं रक्त हृदयाकडे परतलं, कप्पा १४० मिलीपर्यंत भरला. लूपची उजवी भिंत १४० वर न्या. बाहेरचा दाब तोच धरला तर डावा कोपरा जागचा हलत नाही, आणि रक्त जातं ९० मिली. ताणलेला स्नायू जास्त जोराने आकुंचन पावतो, हा फ्रँक-स्टारलिंगचा नियम. इथे एकाने माझ्यासमोर तिरकी रेषाच वर उचलली होती. "जोर वाढला ना, मग?" जोर वाढला तो ताणामुळे, स्नायू होता तोच आहे. प्रत्यक्षात जास्त रक्त गेल्याने दाबही थोडा चढतो आणि कोपरा रेषेवरून पाचसात मिली उजवीकडे सरकतो. तरी फायदा उरतोच.

आता प्रीलोड परत १२० वर आणा आणि आफ्टरलोड वाढवा, समजा रक्तवाहिन्या आवळल्या. झडप ८० ऐवजी १०० ला उघडेल. कोपरा रेषेवरूनच चढून १२५ मिमीवर जाईल. खाली पाहा, तिथे ६० मिली येतात. लूप उंच आणि अरुंद झाला, रक्त गेलं ६० मिलीच. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे भरलेल्या रक्तापैकी बाहेर गेलेला हिस्सा, ५८ टक्क्यांवरून ५० वर आलं, स्नायू मात्र तसाच. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टमधला हा आकडा नुसता स्नायूचं प्रगतिपुस्तक म्हणून वाचू नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

शिवाय मागे राहिलेले १० मिली पुढच्या भरणात मिळतात, म्हणजे काही ठोक्यांत उजवी भिंतही सरकते. प्रीलोड आणि आफ्टरलोड वेगवेगळे फक्त कागदावर राहतात.

सरावाला एक लूप स्वतः काढा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट मुख्यतः शिरा सैल करते. रक्त पायांत साठतं, उजवी भिंत डावीकडे येते, लूप बारीक होतो आणि हृदयाचं काम हलकं होतं. उभ्या माणसाच्या पायांत तर आधीच रक्त उतरलेलं असतं. त्यात भिंत आणखी आत आली की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून ती गोळी बसून घ्यायला सांगतात.