मोरचूद, मीठ आणि खाडीची घोळ: कुंडीतला एक प्रयोग

खाडीकाठच्या वनस्पती तांबं, कॅडमियम अशा जड धातूंचा मारा कसा सोसतात, हे मी रायगडच्या किनाऱ्यावर दरवर्षी विद्यार्थ्यांना कुंडीत दाखवते. त्यासाठी लागते सेसुवियम. भरतीरेषेजवळ जमिनीवर पसरणारी, जाड रसरशीत पानांची, बारीक गुलाबी फुलांची ही वेल. आमच्या मुली तिला ‘खाडीची घोळ’ म्हणतात. तिवर-कांदळाची फांदी मात्र तोडू नका. खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाने 2005 पासून बंदी घातली आहे. शिवाय सेसुवियमला पेरापेराशी मुळं फुटतात, त्यामुळे काम सोपं होतं.

बोटभर लांबीचे, दोन-तीन पेरांचे तुकडे घ्या. खालची पानं काढून ते धुतलेल्या नदीच्या वाळूत लावा. वाळूच हवी. पहिल्या वर्षी मी खाडीचा चिखल वापरला होता. दीड महिना मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालत राहिले आणि एका पानावरही काही दिसेना. चिकणमाती आणि कुजलेला पाला तांबं घट्ट धरून ठेवतात, ते मुळापर्यंत पोचलंच नव्हतं. मुलांचं अख्खं सत्र वाया गेलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दोन-तीन आठवड्यांत मुळं धरली की चार गट करा, प्रत्येकी पाच कुंड्यांचे: नुसतं पाणी, मीठ, मोरचूद, आणि मीठ अधिक मोरचूद. मिठाचे गट गाळायचा मोह होतो, पण खरं उत्तर तिथेच असतं. गोड्या पाण्यात वाढवलेलं सेसुवियम हे अर्धंच सेसुवियम. मीठ लीटरला 12 ग्रॅमपर्यंत न्यायचं, पण एकदम नाही. दर दोन दिवसांनी 3 ग्रॅम वाढवत जा. आयोडीन नसलेलं जाडं मीठ चालतं.

मोरचुदासाठी 2.5 ग्रॅम खडा एक लीटर पाण्यात विरघळवून ठेवा. त्यातलं 20 मिलिलीटर दर लीटर पाण्याला, म्हणजे लीटरमागे 50 मिलिग्रॅम मोरचूद. हातमोजे घाला. बादली प्लॅस्टिकचीच घ्या, कारण लोखंडी किंवा जस्ताच्या बादलीत तांबं बादलीवरच चढतं आणि द्रावण फिकं होतं. 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लीटरला अर्धा ग्रॅम द्या, पण वेगळ्या दिवशी. खतातलं फॉस्फेटही तांब्याला अडवतं. कुंडीखाली ताटली ठेवा आणि आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने वाळू हलकी धुवा, नाहीतर ऊन लागून मीठ साचत जातं.

महिनाभराने कुंडी पाण्यात बुडवून वाळू सोडवा आणि आधी मुळं बघा. आमच्याकडे नुसत्या मोरचुदाच्या गटात मुळं आखूड, टोकं तपकिरी, फाटे जेमतेम, आणि वर कोवळी पानं पिवळसर. मीठ-मोरचुदाच्या गटात मात्र पानं जाड आणि मुळांना पांढरी टोकं शिल्लक. कारण मिठाशी झगडताना या झाडाने तयारी आधीच केलेली असते: पेशीत प्रोलीन हे ताण सोसायला मदत करणारं अमिनो आम्ल साठवलेलं, रिक्तिका (पेशीतल्या पाण्याच्या पिशव्या) मोठ्या झालेल्या, ऑक्सिजनची घातक रूपं निवारणारी विकरं (एन्झाइम) कामाला लागलेली. तीच तयारी धातूशीही लढते. शिवाय बेताच्या मिठात वाढ चांगली होते, त्यामुळे शोषलेला धातू जास्त अंगात वाटला जातो.

पण एवढ्यावरून ‘मीठ असलं की धातूचा त्रास कमी’ असं सरसकट लिहू नका. कॅडमियमच्या बाबतीत मिठातलं क्लोराइड त्याच्याशी जोडलं जातं आणि चिखलात अडकलेलं कॅडमियम पाण्यात मोकळं होऊ शकतं. झाडाच्या आतली गोष्ट वेगळी, मातीतली वेगळी.

नोंदीसाठी मूळ आणि खोड-पानं वेगळी करा, 70 अंशांवर दोन दिवस सुकवा आणि वजन घ्या. तांबं मोजायला नमुना प्रयोगशाळेत पाठवणार असाल तर सुकवण्याआधी मुळं ईडीटीए या धातू पकडणाऱ्या रसायनाच्या थंड द्रावणात दहा मिनिटं खळबळा, नाहीतर वर चिकटलेलं तांबंही आतलं म्हणून मोजलं जाईल. मग खोड-पानांतल्या प्रमाणाला मुळांतल्या प्रमाणाने भागा. उत्तर एकापेक्षा कमी आलं तर झाडाने धातू बराचसा मुळांमध्येच अडवला. झाड हिरवंगार आहे म्हणून त्याने खाडी स्वच्छ केली, असं अहवालात लिहिलेलं दिसलं की मी ते परत करते.

तिवराची रीत निराळी. सकाळी पानाला बोट लावलं तर मिठाचे कण लागतात. पानावरच्या ज्या ग्रंथी हे मीठ बाहेर टाकतात, त्यांतून थोडं तांबं आणि जस्तही बाहेर पडतं. पान गळलं की ते पुन्हा चिखलात.

ताटल्यांतलं पाणी मोरीत ओतू नका, माशांना आणि गोगलगायींना तांबं फार घातक. बोर्डो मिश्रणात (मोरचूद-चुन्याच्या फवारणीत) कालवतात तसा त्यात चुना कालवा. निळसर गाळ खाली बसला की वरचं पाणी उन्हात आटवा आणि उरलेला गाळ बाटलीत भरून चिठ्ठी लावून ठेवा. झाडं शेळ्यांपुढे टाकू नका, तीही त्याच गाळासोबत बांधून ठेवा.