रात्री ३ वाजता डॉक्टरांना फोन करताना: नवीन स्टाफ नर्ससाठी माझा अनुभव

२०२२ ला बीएस्सी नर्सिंग झालं आणि पुण्यात एका हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डला जॉईन झाले. आता ज्युनिअर मुली विचारतात की ताई, कॉलेजमध्ये शिकलेलं वॉर्डात वापरायचं कसं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. अ‍ॅडमिशनचं सगळीकडे वाचायला मिळतं, बारावी सायन्स, सीईटी, ४ वर्षं, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची डिग्री, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन (ते हातात येईपर्यंत कुठेही स्टाफ म्हणून उभं राहू नका), त्यामुळे ते सोडते.

या फील्डला का आलात हा प्रश्न इंटरव्ह्यूला येतोच, आणि नुसतं 'सेवेची आवड आहे' म्हटलं की समोरच्याला काहीच कळत नाही. तुमचं खरं कारण शोधून ठेवा. माझं सांगते. आमचं गाव भोर तालुक्यात, मी नववीत असताना भातलावणीच्या दिवसात वडिलांना खाचरात घोणस चावली. दवाखान्यातल्या सिस्टरनी थोडं रक्त काढून काचेच्या नळीत घेतलं, नळी टेबलावर ठेवली, घड्याळ बघितलं आणि सांगितलं, २० मिनिटं हिला कुणी हात लावायचा नाही. आई रडतेय, काका ओरडतायत की आधी इंजेक्शन द्या, आणि त्या बाई आईचा हात धरून तिथेच उभ्या, नजर मात्र नळीवर. वेळ झाल्यावर नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं, म्हणजे विष रक्तात भिनलं होतं. त्या तशाच डॉक्टरांकडे धावल्या आणि सापाच्या विषावरची लस सुरू झाली. वडील आजही शेतात जातात. त्या नळीत त्यांना काय दिसलं ते मला कळून घ्यायचं होतं, बस, तेव्हापासून हेच करायचं ठरलं.

आता कामाचं. पहिल्या दोन महिन्यांत मी एक मोठी चूक करत होते. ३० पेशंट, दोन स्टाफ, त्यामुळे बीपी, पल्स, टेम्परेचर नीट घ्यायचे आणि श्वासाच्या रकान्यात सगळ्यांना २० लिहून मोकळी व्हायचे. आधीच्या पानावर पण २०च असायचे, त्यामुळे कुणी विचारलं नाही. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी एकदा बाजूला घेऊन एवढंच म्हटलं की बाळा, पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा आधी श्वास वाढतो, बीपी नंतर पडतं, तू पहिली खूणच खोटी लिहितेयस. फार लागलं मनाला. तेव्हापासून पल्स बघून झाली की मनगट तसंच धरून पूर्ण १ मिनिट छाती बघते. पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की तो श्वास बदलतो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, पुण्यात पावसाळ्यात डेंग्यूने वॉर्ड कसे भरतात ते माहितीच आहे, हॉस्टेलला राहणारा एक १९ वर्षांचा मुलगा ॲडमिट होता. पाचवा दिवस, संध्याकाळी ताप उतरला, त्याची आई लातूरहून आलेली, तिचा जीव भांड्यात पडला, सकाळी डिस्चार्ज मिळेल का विचारत होती. पण डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाचे एक-दोन दिवसच सगळ्यात धोक्याचे, कारण रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपायला लागतं. रात्री ३ ला मी राऊंड घेतला तर तो शांत पडलेला, जरा जास्तच शांत, आणि तळहात गार. मी आरएमओ सरांना (रात्रपाळीचे डॉक्टर) फोन केला, सर तो मुलगा बरा वाटत नाहीये. त्यांनी बीपी विचारलं, मी म्हटलं १००, ते म्हणाले ठीक आहे, वॉच ठेवा.

चूक त्यांची नव्हती. मी त्यांना काही दिलंच नव्हतं. परत जाऊन मी सगळं एका कागदावर लिहिलं आणि १० मिनिटांत पुन्हा फोन केला: सर, बेड १४, डेंग्यूचा पाचवा दिवस, ताप काल संध्याकाळी उतरलाय. बीपी १०० बाय ८४ आहे म्हणजे फरक फक्त १६, पल्स ११८, श्वास २६, हातपाय गार, नख दाबून सोडलं की रंग यायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागतायत, ८ वाजल्यापासून लघवी नाही, हिमॅटोक्रिट काल ४२ होतं ते रात्री ४९ आलंय, मला तो शॉकमध्ये जातोय असं वाटतंय, तुम्ही आत्ता येऊन बघाल का. बीपीच्या दोन आकड्यांतला फरक कमी होणं आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, वाढणं, ही पाणी झिरपत असल्याची खूण. फोन ठेवायच्या आत ते जिना उतरत होते. सलाईन वाढवलं, आयसीयूला हलवला, आणि त्यानंतर पाचव्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी घरी गेला.

कॉलेजमध्ये याला एसबार म्हणून शिकवतात, काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. परीक्षेत पाच मार्कांना येतं म्हणून आपण पाठ करतो. 'काहीतरी वेगळं वाटतंय' ही जाणीव बहुतेक नर्सेसना होते, तुम्हालाही सहा महिन्यांत व्हायला लागेल, पण त्या जाणिवेला आकडे जोडून समोरच्याला उठून यायला लागेल असं बोलता येणं हे वेगळं आणि ते मुद्दाम शिकावं लागतं. 'मला असं वाटतंय' म्हणायला घाबरू नका, आजाराचं निदान डॉक्टर करतील पण तुमचा अंदाज त्यांना हवा असतो. आणि समाधान झालं नाही तर दुसरा फोन करा, मग सिनिअरला करा, कुणी चिडलं तर चिडू दे.

जानेवारी २०२५ ला सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट वाढले तेव्हा हे फार उपयोगी पडलं. त्यात पायातली ताकद जाते आणि ते वर चढत श्वासाच्या स्नायूंपर्यंत जाऊ शकतं, पण बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं मशीन शेवटपर्यंत ९८ दाखवू शकतं. म्हणून आम्ही मोठा श्वास घ्यायला सांगून एका दमात आकडे मोजायला लावायचो आणि दर वेळी लिहून ठेवायचो. एक काका सकाळी ३४ पर्यंत गेले होते, दुपारी १९ ला थांबले, म्हणाले अगं दमलोय मी आज. ऑक्सिजन ९८च होता. तेवढ्या दोन आकड्यांवर त्यांना आयसीयूत नेलं.

औषधांबद्दल फक्त इन्सुलिनचं सांगते कारण नवीन मुलींचा घोळ इथे होतो. आपल्याकडे एका मिलीला ४० युनिटची व्हायल (औषधाची बाटली) पण असते आणि १०० ची पण, सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० ला आणि केशरी १०० ला. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीचपट जातो. व्हायलवरचा आकडा मोठ्याने वाचा, शेजारच्या स्टाफला दाखवा, मगच द्या, घाई असली तरी.

नोट्स लगेच लिहा, वेळ टाकून, फोन कुणाला केला आणि ते काय म्हणाले ते सुद्धा. आणि ओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती) घेताना कागदावर नाही, बेडजवळ घ्या, जाणाऱ्या सिस्टरला विचारा की यातला कोणता पेशंट तुम्हाला आवडला नाही. त्या एक क्षण थांबतात आणि मग एखाद्या बेडकडे बघतात. मी त्या बेडपासून राऊंड सुरू करते.