दिनविशेषात भलतीच तारीख येतेय? या चुका टाळा

कोकणावरच्या साइटला ‘आजचा दिनविशेष’ हवाच असतो. २२ जुलैला चिपळूणचा २०२१ चा पूर, २३ जुलैला रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांची जयंती. महिना आणि दिवस जुळवायचा, वर्ष सोडून द्यायचं, एवढंच काम. घोळ नेमका त्यातच होतो.

वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या प्रणालीच्या क्वेरीत (पोस्ट शोधणाऱ्या सूचनेत) नुसता महिना-दिवस दिलात, तर ती पोस्ट प्रसिद्ध झाल्याची तारीख बघते. टिळकांवरचा लेख मे महिन्यात टाकला असेल, तर जुलैत तो येणार कुठून? घटनेची तारीख वेगळ्या कस्टम फील्डमध्येच (पोस्टला जोडलेल्या जादा रकान्यात) हवी, आणि इंग्रजी अंकांत. देवनागरी अंक डेटाबेसला तारीख म्हणून कळत नाहीत. तारीख साठवण्याचा टाइमस्टॅम्प प्रकारही नको. मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये, तो १९७० पासून सुरू होतो, टिळक १८५६ चे.

आता सगळ्यात छुपी चूक. ‘अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ हे प्लगइन तारीख वर्ष-महिना-दिवस अशा आठ अंकांत साठवतं: निसर्ग वादळ, २०२००६०३. मग ३ जूनसाठी मेटा क्वेरीत (कस्टम फील्डमधल्या शोधात) ‘लाइक’ ही तुलना लावून ०६०३ शोधतात. वर्डप्रेस ‘लाइक’च्या दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह (‘इथे काहीही चालेल’ अशी खूण) जोडतं, म्हणून हे चार अंक कुठेही सापडले तरी चालतात. १२ मार्च २००६ म्हणजे २००६०३१२. नीट बघा, मध्ये ०६०३ आहेच! त्याऐवजी ‘रेगएक्सपी’ ही नमुना जुळवणारी तुलना वापरा आणि ०६०३ च्या पुढे डॉलर चिन्ह द्या, म्हणजे फक्त शेवटचे चार अंक जुळतील.

पहाटे साडेपाचपर्यंत कालचाच दिनविशेष दिसत असेल, तर तारीख यूटीसीची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेची येतेय. सेटिंगमध्ये टाइमझोन म्हणून कोलकाता निवडा, कोडमध्ये साध्या ‘डेट’ऐवजी ‘डब्ल्यूपी_डेट’ घ्या. तरीही फरक नाही? कॅशे (पानांची साठवलेली जुनी प्रत) रिकामा करा.

हंगामानुसार पोस्ट दाखवणारं फिल्टर बहुतेक जण मासेमारी बंदीवर तपासतात. १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ०६०१ ते ०७३१, बिनबोभाट चालतं. होमस्टेचा १५ ऑक्टोबर ते ३१ मे टाकला की निकाल शून्य, कारण १०१५ पेक्षा मोठा आणि ०५३१ पेक्षा लहान असा आकडाच नाही. वर्ष ओलांडणाऱ्या हंगामात ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ हवं.

शिमगा, गणपती तिथीवर. त्यांना गेल्या वर्षीचा महिना-दिवस लावू नका. आंगणेवाडीची जत्रा तर ठराविक तिथीलाही नसते, देवीच्या कौलाने ठरते. तिची पूर्ण तारीख दर वर्षी हातानेच भरा.